टर्बो ट्रॅक्टरमधील हवेची गळती

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. टर्बोचार्जर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे चक्र ही हवा दाबून इंजिनात भरते. या मार्गात गळती दोन ठिकाणी संभवते.

टर्बो व इंजिन यांमधील नळी सैल झाल्यास दाबलेली हवा बाहेर निसटते. नांगरट करताना शक्ती अपुरी पडते, काळा धूर येतो व शिटीसारखा आवाज ऐकू येतो. एअर क्लीनर तुंबल्यानेही काळा धूर येतो. म्हणून प्रथम तो पाहावा. नंतर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. क्लिपा आवळून पाहाव्यात व नळी वाकवून तडे शोधावेत. दोष न सापडल्यास माहीतगार कारागिराकडून नळीत कमी दाबाची हवा भरवून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती समजावी.

एअर क्लीनर व टर्बो यांमधील गळती अधिक घातक होय. येथे हवा आत ओढली जात असल्याने आवाज होत नाही, शक्तीही घटत नाही. मात्र न गाळलेली धूळ आत शिरून टर्बोची पाती, पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजवते. इंजिन बंद असताना ही नळी काढून पांढऱ्या फडक्याने आतून पुसावी. फडक्यावर धूळ आढळल्यास नळी, क्लिपा व फिल्टर तपासून दोष दूर होईपर्यंत ट्रॅक्टर शेतात नेऊ नये. क्लिप अल्प खर्चात बदलता येते. झिजलेले इंजिन मात्र संपूर्ण उघडावे लागते.