नेच्यांचे अभ्यासक प्रा. महाबळे
(लेखांक सातवा)

बीजुकापासून नेच्याची उत्पत्ती कशी होते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. नेच्यांच्या या शास्त्रासाठी ज्यांनी आपली उमेद वेचली, त्या प्रा. टी. एस. महाबळे यांच्या कार्याचा परिचय आता करून घेणे उचित होईल.

त्यांच्यापूर्वी या विषयाचा पाया मुंबईत घातला गेला होता. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डाल्मेडा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु इलाख्याची सरहद्द तीच ग्रंथाची मर्यादा ठरल्यामुळे, निजामाच्या अमलाखालील आपला लोहा-कंधारचा मुलूख त्याच्या कक्षेबाहेर राहिला. महसुलाच्या दप्तराप्रमाणे वनस्पतींचीही नोंद अंमल पाहून व्हावी, ही गोष्ट मला आजही सलते.

पुढे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या महाबळ्यांचे वैशिष्ट्य असे, की घाटातील झालरदार, नेत्रसुखद नेच्यांपेक्षा, ज्यांना सामान्य माणूस गवत समजून तुडवून जातो, अशा वनस्पतींवर त्यांनी आपली दृष्टी खिळविली. १९३८ साली त्यांनी आयसोएटीसची एक नवी जाती वर्णिली आणि तिला सह्याद्रीचेच नाव दिले. आयसोएटीस हा काटेकोर वर्गीकरणात नेचा नव्हे, नेच्यांचा दूरचा आप्त. पावसाळी डबक्यातून उपटलेल्या या रोपाचे एकेक पान बुंध्यापासून सोलले, म्हणजे त्याच्या रुंद, पांढुरक्या तळाशी आतल्या अंगास बीजुककोश बसलेला आढळतो. काही पानांतील बीजुके नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रव्यासारखी, तर काहींतील पिठासारखी सूक्ष्म असतात, आणि जातिनिश्चय करावयाचा, तो या थोरल्या बीजुकांवरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळूनच!

त्यांच्या आस्थेचा दुसरा विषय ऑफिओग्लॉसम. जमिनीतून वर आलेले एखादे साधे पान, आणि त्याच्याच देठातून निघालेले, दोन ओळींत बीजुककोश जडलेले बारीक कणीस, एवढाच त्याचा प्रपंच; बीजुकापासून उगवणारी त्याची गंतुकधारी पिढी तर भूमीखाली, कवकाच्या आश्रयाने वाढते, म्हणून ती हाती लागणेही दुर्घट. एकाच जातीचे पान ओलाव्याप्रमाणे लहानमोठे होत असल्याने पूर्वसूरींच्या नामकरणात पुष्कळ गोंधळ माजला होता. भारतातील या जातींचा साकल्याने परामर्श घेणारा महाबळ्यांचा प्रबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. याच वंशातील एका जातीच्या पेशीत १२६० च्या आसपास गुणसूत्रे असल्याचे अब्राहम व निनान यांनी १९५४ साली दाखविले होते. मनुष्याच्या पेशीत ती अवघी ४६. इतक्या क्षुद्र देहात एवढा संभार कशासाठी, हा प्रश्न मला अत्यंत मोहक वाटतो.

आपल्या कोरड्या तालुक्यात नेचे कोठून येणार, असे वाचकांनी समजू नये. जुन्या विहिरींच्या ओलसर चिरेबंदीत हंसराज वाढतो. दगडी भिंतींच्या सांध्यांत मयूरशिखा उन्हाळाभर पाने आवळून बसते आणि पाऊस पडताच ती पुन्हा उलगडते. मृगाच्या सरींनंतर मुरमाड माळावर ऑफिओग्लॉसम शोधावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र गुडघे टेकून गवतात नीट पाहावे, आणि नमुना घेताना मातीतील खोडासह, कणीस शाबूत ठेवून तो काढावा. नुसते पान खुडून आणले, तर त्यावरून जाती ठरविता येत नाही.