उंबरठ्यावरची वीज

अंकीय यंत्राला दोनच शब्द कळतात : ‘आहे’ आणि ‘नाही’. दार लागले आहे की नाही, टाकी भरली आहे की नाही, कारखान्यातील सरकता पट्टा टोकाला पोहोचला आहे की नाही, हे ते तारेवरील विद्युत् दाबावरून ओळखते. दाब एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ‘आहे’, खाली राहिला की ‘नाही’. या मर्यादेला आपण उंबरठा म्हणू.

परंतु तार क्वचितच एकटी असते. तिच्या शेजारून मोटारींच्या जाड तारा जातात, जवळपास विजेच्या कळा उघडतात आणि मिटतात, ठिणग्या उडतात. या सर्वांचे पडसाद तिच्यावर उमटतात. अशा अनाहूत विद्युत् चलनास अभियंते ‘गोंगाट’ म्हणतात. दाब उंबरठ्याजवळ असताना थोडा जरी गोंगाट झाला, तरी यंत्र क्षणात ‘आहे’ तर क्षणात ‘नाही’ असे समजू लागते. ज्या कामगाराचे हात यंत्राजवळ आहेत, त्याच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नव्हे.

दोन उंबरठे

यावरील एक सुंदर उपाय प्राणिशास्त्राच्या अभ्यासातून निघाला. अमेरिकेतील ऑटो श्मिट हे विद्यार्थिदशेत असताना माकूल या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंतून संवेदना कशी धावते, याचा अभ्यास करीत होते. त्यातून १९३४ साली त्यांना एक विद्युत् मंडल सुचले आणि १९३८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. या मंडलाला एक नव्हे, दोन उंबरठे असतात. दाब वरचा उंबरठा ओलांडील तेव्हाच ते ‘आहे’ म्हणते. आणि एकदा तसे म्हटल्यावर दाब खालच्या उंबरठ्याच्याही खाली उतरेपर्यंत आपला शब्द फिरवीत नाही. दोहोंमधील अंतरापेक्षा लहान असलेला गोंगाट त्याला डळमळवू शकत नाही. या गुणधर्मास मंदायन म्हणतात.

तथापि दोन उंबरठे पुरेसे नाहीत. शेजारच्या तारेतून येणारा गोंगाट दाबाने मोठा असला, तरी त्याच्यामागे प्रवाहाचे बळ बहुधा थोडे असते. म्हणून तारेतून काही प्रवाह मुद्दाम वाहू दिला, तर दुबळा गोंगाट त्यात बुडून जातो. आपल्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. प्रवाह म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे खर्च व उष्णता. गोंगाटापासून संरक्षण फुकट मिळत नाही. ते कमीत कमी किमतीत कसे मिळवावे, एवढेच आपल्या हाती असते.

कारखान्यातील हिशेब

कारखान्यांतील नियंत्रकांना बहुधा २४ व्होल्ट दाबाने संदेश दिले जातात. त्यांच्या एका प्रचलित आंतरराष्ट्रीय प्रकारात ११ व्होल्ट व त्यावरील दाब ‘आहे’ मानला जातो, आणि तेथे आदान-मंडलाने निदान २ मिलीअँपिअर प्रवाह घ्यावा अशी अट आहे. ५,००० ओहमांचा साधा रोधक जोडला, तर ११ व्होल्टांना २.२ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो आणि अट पुरी होते. पण दाब वाढला की रोधकातील प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. २४ व्होल्टांना तो ४.८ मिलीअँपिअर होतो, आणि सुमारे ११५ मिलीवॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

रोधकाऐवजी प्रवाह २.२ मिलीअँपिअरवर रोखून धरणारे ट्रँझिस्टर-मंडल बसविले, तर २४ व्होल्टांना केवळ ५३ मिलीवॉट खर्च होतात. अशा सोळा वाटा एका बंद पेटीत असतील, तर एकूण खर्च १.८ वॉटवरून ०.८ वॉटवर येतो. किमान प्रवाहाची अट तर तशीच पाळली जाते. गेला तो केवळ अनावश्यक भाग.

लहान घटाचा हिशेब

आता दारावरील एका कळीचा विचार करू. तिला ३ व्होल्टांचा नाण्याएवढा घट आणि १०,००० ओहमांचा रोधक जोडला आहे. दार लागले की कळ मिटते आणि ०.३ मिलीअँपिअर प्रवाह वाहू लागतो. घटाची क्षमता २२० मिलीअँपिअर-तास धरली, तर दार सतत बंद राहिल्यास तो सुमारे तीस दिवसांत संपेल.

रोधक शंभरपट वाढवून दहा लक्ष ओहमांचा केला, तर प्रवाह ३ मायक्रोअँपिअरवर येईल, हे खरे. परंतु मग दार उघडे असताना गोंगाटाचा तेवढाच, ३ मायक्रोअँपिअरचा प्रवाह त्या रोधकावर पूर्ण ३ व्होल्टांचा दाब उत्पन्न करील आणि यंत्र फसेल. १०,००० ओहमांच्या रोधकावर हाच गोंगाट अवघा ०.०३ व्होल्टाचा ठरतो.

म्हणून रोधक तोच ठेवून वेळ कमी करणे अधिक शहाणपणाचे होय. दर सेकंदाच्या दहाव्या भागातून एकदाच, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता, मंडलास दाब द्यावा, त्या क्षणी कळीची स्थिती वाचावी आणि पुन्हा वीज तोडावी. सरासरी प्रवाह शंभरावा भाग होतो, आणि केवळ या कळीपुरता विचार केला तर घटाला आठ वर्षे पुरण्याइतका हिशेब जमतो. वाचनाच्या नेमक्या क्षणी गोंगाट आला तर? त्यासाठी लागोपाठ तीन वाचने सारखी आली, तरच उत्तर ग्राह्य धरावे. असे केल्याने उत्तराला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका विलंब होऊ शकतो. दाराच्या बाबतीत तो चालेल. धोका दिसताच यंत्र थांबविणाऱ्या कळीच्या बाबतीत चालणार नाही. तेथे विजेची काटकसर मागे ठेवून सतत पहारा ठेवला पाहिजे.

काटकसर म्हणजे सर्वत्र सारखीच कपात नव्हे. संरक्षणासाठी किती प्रवाह हवा आणि तो किती काळ हवा, हे दोन प्रश्न वेगळे करून पाहिले, की पुष्कळशी वीज कोणतीही सुरक्षितता न गमावता वाचविता येते. आणि उरलेली वीज ही उधळपट्टी नसून पहारेकऱ्याचे वेतन आहे, हेही ध्यानी येते.