पातेऱ्याखालची बाग

फणसाखाली काही होत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. आमच्या कोकणातल्या परसात दोन फणस आणि एक जुना आंबा; भर दुपारीही ऊन कवडशांनीच खाली उतरतं. वांगी लावून पाहिली, मिरच्या लावल्या. काड्या लांबल्या, फळ धरलं नाही. मग रानात सावलीतच वाढणारी औषधी झाडं लावायची ठरवली.

आधी केरसुणी थांबवावी लागली. आई रोज पातेरा झाडून जाळायची. तो तसाच राहू दिला. दोन पावसाळ्यांनी पानं उचलून पाहिली, तर खाली जांभ्याच्या लाल मातीवर काळा, भुसभुशीत थर आणि बुरशीचे पांढरे धागे. त्यात हात घालण्याआधी काठी आपटायची, हा आईचा नियम मात्र कायम आहे.

पिंपळीने पहिल्या वर्षी फसवलं. रोपवाटिकेतून आणलेले वेल फणसाच्या बुंध्याशी छान पसरले, पेरापेराला मुळं फुटली, लांब सडपातळ कणसंही आली आणि वाळून गळून गेली. पिंपळीत नर वेल वेगळा, मादी वेगळा, हे तेव्हा कळलं. माझे सगळे नर! त्रिकटूत सुंठ-मिऱ्यांबरोबर पडते ती मादी वेलाची आखूड, जाड कणसं. शेवटी शेजारच्या काकूंच्या फळत्या वेलाचे फाटे आणले. कणसं भरली की हिरवी असतानाच खुडायची. उन्हात ती काळपट होतात.

सफेद मुसळीची गंमत वेगळी. शास्त्रीय नावात ‘बोरिव्हिलियानम’ म्हणून बोरिवली मिरवणारं हे झाड दिवाळीच्या सुमाराला पानं टाकून गडप होतं. जागा रिकामी समजून मी तिथे कुदळ घातली आणि निम्मे कंद चिरले. आता प्रत्येक आळ्याशी बांबूची खूण असते. लावताना कंदाचं नुसतं बोट पुरत नाही. वरच्या डेखाचा तुकडा बोटाला चिकटलेला हवा, नाहीतर कोंब येत नाही.

जीव खरा अडकला तो सर्पगंधेत. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिलं आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. 1952 मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पण औषध मुळात, आणि मूळ काढलं की झाड संपलं. रानं खणली गेली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आहेत. म्हणून परसात लावायची. तिचं मूळ घरच्या घरी उगाळून घ्यायचं मात्र नाही. रक्तदाब धोक्याइतका खाली येऊ शकतो.

तिचं बी हट्टी. फळ जांभळट काळं झालं की गर धुवायचा, बी पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं. बुडालेल्या पन्नासांतली माझी अकरा रुजली. जुनं बी तर जवळपास रुजतच नाही.

त्या अकरांचा हा तिसरा पावसाळा. मुळं काढण्याजोगी झालीत, पण मी कुदळ लावलेली नाही. फळं काळी पडू लागलीत. कुणाच्या परसात अशी सावली असेल, तर ताजं बी घेऊन जा आणि त्याच आठवड्यात पेरा.