मरीन ड्राइव्हचे चौपायी पहारेकरी

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून आपण सूर्यास्त बघतो, पण पायांखालच्या सिमेंटच्या त्या चार टोकांच्या धोंड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. मला मात्र खरी गंमत तिथेच वाटते! त्यांना टेट्रापॉड म्हणतात. 1950 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या अभियंत्यांनी ते शोधले आणि पहिल्यांदा वापरले मोरोक्कोतल्या कासाब्लांकाजवळ.

मरीन ड्राइव्हची जमीनच मुळी भराव टाकून समुद्राकडून घेतलेली, त्यामुळे समुद्र धडका देणारच. नुसती सरळ भिंत असेल तर लाट आदळून तशीच उसळते, परतताना पायथ्याची माती-वाळू ओढून नेते. टेट्रापॉड एकमेकांत पाय अडकवून बसतात आणि मध्ये भरपूर फटी राहतात. लाट त्या फटींत शिरते, फुटते, वाटा शोधता शोधता दमते. भिंतीपर्यंत पोचतो तो उरलेला जोर. शिवाय लाटांच्या माऱ्याने ते सहसा वाहून जात नाहीत, उलट आणखी घट्ट रुततात.

बघायचं असेल तर ओहोटीला जा, म्हणजे रचना नीट दिसते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की लाटा कट्टा ओलांडून रस्त्यावर येतात. तो तमाशा लांबूनच, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघावा. आणि सेल्फीसाठी टेट्रापॉडवर उतरू नका, प्लीज. शेवाळाने ते भयंकर निसरडे असतात, फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणं अग्निशमन दलालाही जड जातं.