भाडेकरूंचं गाव, मालकांचं गाव
(बदलती गावं : भाग 6)

मागच्या आठवड्यात आपण महाबळेश्वर-पाचगणी पाहिलं. आज गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या हणजुण्याला जाऊ. कळंबहून गाडी करून गोव्याला जाणारे बहुतेक जण कळंगुट, बागा पाहून परततात. तिथून थोडं उत्तरेला परदेशी माणसांची एक वस्ती रुजली आणि विरली. ती का विरली, हे मराठवाड्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

1961 च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात अमेरिका-युरोपातले तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत खुश्कीच्या वाटेने इथे येऊ लागले. 'एट फिंगर एडी' या नावाने सगळे ओळखत तो आर्मेनियन वंशाचा अमेरिकन त्यांतल्या पहिल्यांपैकी. तो 2010 साली गोव्यातच वारला. हणजुण्याचा बुधवारचा बाजार याच मंडळींचा. खिसा रिकामा झाला की जवळचं सामान तिथे विकायला मांडायचं. ही माणसं मच्छीमारांच्या, माडी काढणाऱ्या रेंदेरांच्या घरांत खोली घेऊन राहत. त्यांच्या नशापाण्यावर आणि उघड्यानागड्या वावरण्यावर गावाचा राग होता आणि तो रास्तच होता. पण भाडं घरच्या बाईच्या हातात पडे, आणि जमीन जिथल्या तिथे राही.

जमीन राहिली याला कायदाही कारण आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला भारतात घर-जमीन विकत घेता येत नाही. पुढे मोरजी-हरमलला रशियन आले, तेही मुख्यतः भाडेकरू म्हणूनच.

खरा बदल झाला तो जमिनीला गिऱ्हाईक मिळाल्यावर. दिल्ली, मुंबई, बंगळुरूच्या पैसेवाल्यांना गोव्यात दुसरं घर हवं झालं. आसगावसारख्या शांत गावात व्हिला उभे राहिले. विकणारेही तयार होतेच. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती आहे. इकडे वडिलोपार्जित घरात सगळ्या वारसांचा हिस्सा. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि आईबापांनाही मुलांचा वाटा सहजी तोडता येत नाही. वारस चार देशांत विखुरले की कौलं कोण चाळणार? मग बिल्डर सह्या गोळा करतो. त्या विकणाऱ्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

व्हिलातल्या खोल्या रात्रीच्या दराने जाऊ लागल्या, तशी महिन्याची भाडी जुन्या परदेशी रहिवाशांच्या आवाक्याबाहेर गेली. कोणी गोकर्णाकडे सरकले, कोणी देशच सोडला. 2019 साली गोव्यात सुमारे 9.37 लाख परदेशी पर्यटक आले होते, 2024 मध्ये सुमारे 4.67 लाख. यात कोविडचा आणि युक्रेन युद्धाचाही वाटा आहे. पण त्याच वर्षी देशी पर्यटक 99 लाखांवर गेले, आणि गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14.58 लाख! बार्देशात आता टँकर फिरतात. आपल्याकडे पाऊस दगा देतो म्हणून टँकर येतो. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही येतो.

सरकारने अडवायचं, तर वाट मोकळी केली. नगरनियोजन कायद्यात 2023 साली घातलेल्या कलम 17(2) मुळे 'चूक दुरुस्ती'च्या नावाखाली शेतीची, डोंगरउताराची जमीन बांधकामाच्या क्षेत्रात टाकता येऊ लागली. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. 2024 पासूनचं कलम 39(अ) मात्र एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची मुभा देतं. हरमलच्या गिरकरवाड्यात दोनशेहून अधिक बेकायदा बांधकामं उच्च न्यायालयापुढे आली, तीही पंचायतीच्या डोळ्यांदेखत उभी राहिलेली.

हे सगळं कळंबच्या वाचकाला का सांगायचं? वर्ध्याच्या पवनारहून निघणारा प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग मूळ आराखड्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यातून जाऊन पत्रादेवीला संपतो. पत्रादेवी पेडणे तालुक्यात. हरमल-मोरजीही त्याच तालुक्यात, आणि 2023 पासून सुरू असलेला मोपा विमानतळही तिथेच. या टोकाला आपले शेतकरी महामार्गाच्या मोजणीला विरोध करताहेत. त्या टोकाला पेडण्याच्या शेतजमिनीचे दर दिल्लीत ठरू लागले आहेत. मोजणीपासून निवाड्यापर्यंत भूसंपादन कसं चालतं आणि हरकत कुठे, किती मुदतीत घ्यायची, ते पुढच्या आठवड्यात.