बुवा... कुक!

तान्हं बाळ झोपेत हसलं, की आपल्याकडं म्हणतात, सटवाई हसवतेय. माझी आई म्हणायची, फरिश्ते खेळवतायत. शेजारच्या काकू आणि आई एकाच पाळण्यावर वाकून आपापलं सांगायच्या, आणि त्यावरून दोघींचं कधी भांडण झालं नाही. डॉक्टरांचं म्हणणं दोघींपेक्षा रुक्ष आहे. पहिल्या काही आठवड्यांतलं हे हसू कुणासाठी नसतं. झोपेत ओठ आपोआप हलतात, इतकंच. समोरच्या माणसाकडं बघून केलेलं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतं. आवाज काढून खळखळून हसणं त्यानंतर, तीन-चार महिन्यांच्या सुमारास.

हे सगळं मला या वर्षीच कळलं. त्याचं कारण घरातलंच आहे.

माझा जावई आखातात नोकरीला असतो. कोकणातल्या आमच्यासारख्या घरांत यात नवल काही नाही. मुलगी झाली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. तो आला तेव्हा नात नऊ महिन्यांची झाली होती. तोवर बापलेकीची भेट रोज रात्री मोबाइलवर. तो तिकडं टॉवेल तोंडावर घ्यायचा, ‘बुवा... कुक!’ करायचा आणि नात इकडं हसायची. तर स्वारी घरी आली. बॅगा पडवीत टाकल्या, हातपाय धुतले आणि टॉवेल घेऊन थेट तिच्यासमोर बसली. ‘बुवा...’ टॉवेल खाली आला मात्र, पोरीनं असा टाहो फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आम्ही सगळे हसलो. तोही हसला. रात्री मात्र पडवीत एकटाच बसला होता. मला म्हणाला, “अब्बा, मी तिला परकाच की.”

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. मला काही उत्तर देता आलं नाही. मग वाचायला घेतलं.

पहिल्यांदा भेटला तो चार्ल्स डार्विन. होय, तोच. त्याचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. बापानं त्याच्या बारीकसारीक नोंदी वहीत ठेवल्या आणि १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. मुलगा ११० दिवसांचा असताना त्याच्या तोंडावर कपडा टाकून एकदम काढला की तो खूश व्हायचा, आणि बापानं स्वतःचं झाकलेलं तोंड एकाएकी उघडलं तरी तितकाच खूश व्हायचा, असं त्यात आहे. म्हणजे आपलं बुवाकुकच! माणसाचं मूळ शोधणारा हा दाढीवाला विद्वान तरुणपणी पाळण्यापुढं बसून हेच करत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. या हसण्याचं मुख्य कारण आश्चर्य, असं डार्विननं म्हटलंय, आणि मोठ्यांच्या विनोदातही बऱ्याच अंशी तेच असतं, असंही.

पण आश्चर्यानं माणूस दचकतोही. अंधारात कुणी ‘भो’ केलं तर आपण हसत नाही. मग बाळ कधी हसतं आणि कधी रडतं? अमेरिकेत मिनेसोटातल्या संशोधकांनी १९७२ मध्ये बाळांच्या पहिल्या वर्षातल्या हसण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हसवायचं काम त्यांनी आयांवरच सोपवलं होतं. चार-सहा महिन्यांची बाळं गुदगुल्यांना आणि गमतीदार आवाजांना जास्त हसली. वर्षाच्या जवळ आलेल्यांना मात्र आईनं बाळाचीच बाटली तोंडाला लावली, पेंग्विनसारखी डुलत चालली, की हसू यायचं. बाटली कुणाची, आई चालते कशी, हे ठाऊक असल्याशिवाय यात हसण्यासारखं काहीच नाही. पुढं असंही दिसलं की आईनं मुखवटा चढवला तर हसणारं मूल अनोळखी माणसाच्या तोंडावर तो दिसला की रडवेलं होऊ शकतं. मुखवटा तसाच असतो. फरक पडतो तो आतलं माणूस आपलं आहे की नाही, याचा.

आमच्या जावयानं रजा काढली ती नेमकी अवघड महिन्यात. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मूल आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी काढायला लागतं. दोन महिन्यांचं असताना ते कुणाच्याही कडेवर जाऊन हसतं, त्यात आपलं कौतुक फारसं नसतं. मोबाइलवरचा बाप तळहाताएवढा होता. घरात आला तो सहा फूट, दाढीचा, अत्तराचा वास येणारा. पोर घाबरणारच.

माझ्या बायकोनं यातलं काही वाचलेलं नाही. ती जावयाला म्हणाली, “तू काही करूच नको बाबा. नुसता तिच्याजवळ बसत जा.” तो बसला. रोज चटईवर, पेपर घेऊन, तिच्याकडं फारसं न बघता. (घरात आलेले पाहुणे मात्र हे ऐकत नाहीत. मूल मान फिरवतंय, म्हणजे पुरे म्हणतंय, तरी गुदगुल्या चालूच.)

दहाव्या दिवशी नातीनं हातातला लाळेनं भिजलेला टोस्ट त्याच्यापुढं धरला. त्यानं तोंड उघडलं. तिनं हात मागं घेतला आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. त्यानं ओठ काढले. ती हसली ती अशी, की मागच्या मागं कलंडली. मग पुन्हा टोस्ट पुढं, पुन्हा मागं. चहा गार होईपर्यंत हे चाललं.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या वासुदेवी रेड्डी या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ. बाळांच्या अशा खोड्यांकडं त्यांचं लक्ष गेलं ते स्वतःच्या मुलांमुळं. द्यायचं आणि काढून घ्यायचं, नको म्हटलेल्या वस्तूकडं मुद्दाम हात न्यायचा आणि आपल्याकडं बघायचं, हे मूल पहिल्या वर्षातच करतं. २००८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी याची मांडणी केली आहे. समोरचा कशाची वाट बघतोय हे कळल्याशिवाय त्याला चकवता येत नाही. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं बरंच उशिरा येतं, असं पूर्वी धरून चालत. आमच्या नातीला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं, पण बापाला टोस्ट हवाय असं त्याला वाटतंय, हे ती जाणून होती. आणि एक गोष्ट मी आता जावयाला सांगू शकलो. ज्याची भीती वाटते त्याची खोडी कुणी काढत नाही.

दीड महिन्यानं तो परत गेला. आता रात्री फोन लागला, की नात टोस्ट पडद्यासमोर धरते आणि मागं घेते. नेट हळू चालतं. बापाचं तोंड दोन-तीन क्षण उशिरा उघडतं. ती हात मागं धरून तोवर थांबते.