एक पुस्तक, एक लेखक, एक तास

रविवार, २ एप्रिल १९८९. अमेरिकेतील सी-स्पॅन या वाहिनीवर ‘बुकनोट्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मागे काळा पडदा, समोरासमोर बसलेली दोन माणसे आणि तासभर एकाच पुस्तकावर गप्पा. नेपथ्य नाही, टाळ्या वाजवायला प्रेक्षक नाहीत, मध्ये जाहिरात नाही. पहिले पाहुणे होते राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार राहिलेले झ्बिग्न्यू ब्रेझिन्स्की. विसाव्या शतकात साम्यवाद कसा जन्मला आणि कसा संपत चालला आहे, हा त्यांच्या ‘द ग्रँड फेल्युअर’ या पुस्तकाचा विषय. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली!

हा कार्यक्रम ५ डिसेंबर २००४ पर्यंत चालला. जवळजवळ सोळा वर्षे, दर रविवारी एक, असे ८०१ भाग झाले. कादंबरी नाही, पाककृती नाहीत, ‘यशस्वी कसे व्हावे’ नाही. राजकारण, इतिहास, चरित्रे, युद्धे, न्यायालये असलाच मामला. आपल्याकडे कुणाला सांगितले तर विचारतील, “हे बघतं कोण?” पण बघणारे होते, आणि काही काळ मीही त्यांच्यातली एक होते.

या कार्यक्रमाचा कर्ता ब्रायन लॅम्ब. इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावचा, काही वर्षे नौदलात काढलेला. सी-स्पॅन ही वाहिनीही त्यानेच उभी केली. १९ मार्च १९७९ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे कामकाज थेट दाखवून ती सुरू झाली. ही वाहिनी सरकारी नाही. केबल कंपन्या दर ग्राहकामागे महिन्याला काही सेंट देतात, त्यावर ती चालते. जाहिरात नसल्यामुळे किती लोकांनी पाहिले याची रोजची धास्ती नाही. एरवी तासभर एकाच इतिहासकाराला बोलू द्यायचे धाडस कोण करणार?

कार्यक्रमाचे बीज १९८८ मध्ये पडले. नील शीहान या पत्रकाराने व्हिएतनाम युद्धावर ‘अ ब्राइट शायनिंग लाय’ हे जाडजूड पुस्तक लिहिले होते आणि त्यासाठी आयुष्यातली सोळा वर्षे खर्ची घातली होती. लॅम्बने त्याच्याशी बोलून पाच भाग केले. एका पुस्तकावर एवढा वेळ बोलता येते आणि लोक ऐकतात, हे तेव्हा कळले.

लॅम्बचे नियम मला फार आवडतात. लेखक एकदाच येणार. कितीही मोठा असो, दुसरे पुस्तक लिहिले म्हणून पुन्हा बोलावणे नाही. रिचर्ड निक्सन आले, मिखाइल गोर्बाचेव्ह आले, आणि पहिलेच पुस्तक लिहिलेले, कुणाला माहीत नसलेले प्राध्यापकही त्याच काळ्या पडद्यापुढे बसले. दुसरा नियम मुलाखत घेणाऱ्यासाठी: पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचायचे. त्याने वाचलेल्या, समासात खुणा केलेल्या त्या प्रती आता जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःचे मत सांगायचे नाही. तो पडद्यावर स्वतःचे नावसुद्धा घेत नसे, अशी त्याची ख्याती होती.

आणि त्याचे प्रश्न! आपल्याकडे मुलाखत घेणारा आधी पाच मिनिटे स्वतः बोलतो आणि शेवटी “याबद्दल काय सांगाल?” असे विचारतो. लॅम्बचा प्रश्न सहा-सात शब्दांचा. हे पुस्तक कुणाला अर्पण केले, ती व्यक्ती कोण? मुखपृष्ठावरचा फोटो कुठला? कुठे बसून लिहिता? हे पत्र कुठल्या संग्रहात सापडले? प्रश्न साधे, शाळकरी मुलाने विचारावेत असे. पण या साध्या प्रश्नांपुढे भलेभले मोकळे होत. जो खरोखर कागदपत्रांत बसला आहे तो फुलून बोले, आणि ज्याने इकडून तिकडून गोळा केले आहे त्याची उत्तरे पसरट होत. लॅम्ब कुणाला पकडायला जात नसे. बघणाऱ्याला आपोआप समजे.

मी हे पाहिले ते २००३ मध्ये, न्यू जर्सीला मुलीकडे गेले होते तेव्हा. पहिले पंधरा दिवस रात्री झोप नाही. शनिवार-रविवारी सी-स्पॅनच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘बुक टीव्ही’ लागे. १९९८ पासून शनिवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत, अठ्ठेचाळीस तास फक्त पुस्तके. पहाटे तीन वाजता कुठल्याशा गावातल्या पुस्तकांच्या दुकानात लेखक बोलतो आहे, समोर लोखंडी खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसे, त्यातला एक आजोबा उठून प्रश्न विचारतो आहे. मला तर आपल्या व्याख्यानमालेत बसल्यासारखे वाटे. फक्त चहा आपला आपण करून घ्यायचा. जावई म्हणायचे, “आई, झोपेसाठी याहून चांगलं औषध नाही.” त्यांना झोप येत असेल, माझी उडायची.

सगळेच रंगायचे असे नाही, हेही सांगायला हवे. कित्येक लेखक वॉशिंग्टनच्या चार गल्ल्यांपलीकडे जात नसत. निवडणुकीच्या मोसमात तर पुस्तक कमी आणि प्रचार जास्त. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय लेखक पुष्कळ कमी दिसत. पण शेल्बी फूट यांच्यासारखा माणूस आला की सारे भरून निघे. १९९४ चा तो भाग मी पुढे पाहिला. मिसिसिपीचा हा लेखक अमेरिकन यादवी युद्धाचा तीन खंडांचा इतिहास लिहायला बसला आणि त्यात वीस वर्षे गेली. सारे लेखन दौतीत बुडवायच्या टाकाने, दिवसाला पाचशे-सहाशे शब्द. टाक थांबतो, शाईत जातो, तेवढ्यात वाक्य डोक्यात फिरून नीट होते. हे ऐकताना मला पाटी-बोरू आठवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः दक्षिणेचा असूनही उत्तरेच्या लिंकनबद्दल तो मनापासून आदराने लिहितो. हरलेल्या बाजूच्या मुलखात वाढलेला माणूस दोन्ही बाजूंचे सैनिक माणसे म्हणून कसा पाहू शकतो, हे तासाभरात उलगडत जाते.

मला हा कार्यक्रम अजून आठवतो, त्याचे कारण आपल्या घरात आहे. माझी सून धारवाडकडची. घरात दोन भाषा, एकाच फडताळात दोन भाषांची पुस्तके. सणवार, स्वयंपाक यांचे काही अडत नाही. चटणीपुडी आणि मेतकूट शेजारी शेजारी नांदतात. अडते ते इतिहासापाशी. सीमेवर तणाव झाला, एसटी आणि केएसआरटीसीच्या गाड्या थांबल्या की टीव्हीवर दोन्हीकडून आरडाओरडा सुरू होतो. एका चौकटीत सहा तोंडे, आणि पुस्तक कुणाच्याच हातात नाही. मुले ते बघतात आणि जेवताना विचारतात, “आपण कुणाच्या बाजूचे?”

दोन वर्षांपूर्वी नातवाला शाळेत बेळवडीच्या मल्लम्मावर चार पाने लिहायची होती. बेळवडी इथलेच, बैलहोंगल तालुक्यातले. १६७८ साली दक्षिणेच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिथल्या गढीला वेढा घातला. देसाईंच्या मागे त्यांच्या बायकोने गढी लढवली. मराठी पुस्तकांत ती सावित्रीबाई देसाई. सत्तावीस दिवस झुंजते, शेवटी पकडली जाते, तिच्याशी गैर वागलेल्या सखूजी गायकवाडाला महाराज कठोर शिक्षा करतात आणि तिला सन्मानाने परत पाठवतात. कन्नड परंपरेत ती मल्लम्मा, आणि महाराज तिच्यात देवी पाहून क्षमा मागतात. मी माझी कथा सांगितली. विहीणबाई त्या दिवशी आल्या होत्या, त्यांनी त्यांची सांगितली. दोघींचेही आवाज जरा चढलेच. सून दोघींकडे बघत ताटात भाकरी वाढायची थांबली.

तेवढ्यात विहीणबाईच म्हणाल्या, “याव पुस्तकदाग अद?” म्हणजे, कुठल्या पुस्तकात आहे? लॅम्बचाच प्रश्न, धारवाडी कन्नडमध्ये! मग आम्ही सरळ फडताळापाशी गेलो. माझी कथा निघाली एका कादंबरीतली. त्यांची लहानपणी ऐकलेल्या गाण्यातली. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात पाहिले तर राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्याच वेळी लिहिलेल्या पत्रात या वेढ्याचा उल्लेख सापडला. एका बाईपुढे सैन्य अडून बसल्याचे त्या व्यापाऱ्यांना नवल वाटले होते. धारवाडजवळ यादवाडला एक कोरीव शिळा आहे, ती याच प्रसंगाची मानतात. नातवाने चारही गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती कुठून आली तेही लिहिले. बाईंनी दहापैकी सात गुण दिले. “उत्तर एकच हवे” असा शेरा होता.

आपल्या वाहिन्यांवर असे काही झालेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबई दूरदर्शनवर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक निवांत बोलत. ‘चंदना’वरचे ना. सोमेश्वरांचे ‘थट्ट अंत हेळि’ तर आपल्या घराघरांत पाहिले गेले. बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून पुस्तक द्यायची ती पद्धत मला आजही फार शहाणपणाची वाटते. पण इतिहासाच्या एका नव्या पुस्तकाच्या लेखकाला तासभर बसवून, पाने उलटत, “हे कशावरून?” असे शांतपणे विचारणारा कार्यक्रम मराठीत किंवा कन्नडमध्ये नेमाने चाललेला माझ्या पाहण्यात नाही. त्याला खर्च असा कितीसा? दोन खुर्च्या, एक काळा पडदा. महाग आहे ते मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचणे. बेळगावात आणि धारवाडात तसे वाचणारे निवृत्त प्राध्यापक, वकील, शिक्षिका दोन्ही भाषांत आहेत. आपल्या केबलवाल्यांकडे भजनांना आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांना वेळ असतो, त्यातला आठवड्याचा एक तास काढता येईल.

सी-स्पॅनलाही आता पूर्वीचे दिवस नाहीत. तिकडे लोक केबल सोडू लागले आणि उत्पन्न घटले. ‘बुक टीव्ही’ अठ्ठेचाळीस तासांवरून रविवारपुरते आले. लॅम्बने २०१२ मध्ये प्रमुखपद सोडले. पण जुने भाग वाहिनीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. इंग्रजीचा वेग जड वाटला तर सोबत छापील संभाषण आहे, ते आधी वाचावे. सुरुवात शेल्बी फूटपासून करा. मोठ्या सुट्टीत घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना शेजारी बसवा. पहिली दहा मिनिटे कुरकुर करतील. आमच्याकडे नातू विसाव्या मिनिटाला उठला, आणि टाक म्हणजे नक्की काय असतो ते विचारायला परत आला.